काठीवर टांगलेली डबी

मी बोलतेय, तळहातावर मावणारी इंटरनेटची डबी. पोटात एक सिमकार्ड आणि कपाळावर एक दिवा. दिवा हिरवा असला की माझ्या मालकिणीचा श्वास सुरळीत चालतो, लाल झाला की अडकतो. कुणाचा श्वास असा आपल्यावर अवलंबून असणं फार वाईट.

मालकीण म्हणजे खाडीकाठच्या मुरबे गावची जागृती. शिकली पालघरला. नोकरी गुरगावच्या कंपनीत, पण काम कुठूनही करायचं. बोईसर स्टेशनबाहेरच्या दुकानातून तिनं मला घेतलं आणि आम्ही फिरत सुटलो. गोकर्णची खानावळ, मनालीतला थंडगार माळा. तिचे फोटो पाहून मैत्रिणी जळायच्या. फोटोबाहेर ती मला हातात उंच धरून खोलीभर फिरायची, ‘ये ना, ये ना’ पुटपुटत. डोंगर मी पाहिले. तिनं बहुतेक वेळ माझा दिवाच पाहिला.

मग तिला वाटलं, काम कुठूनही होतं तर आपल्या गावातून का नको? शिकलेल्या पोरीनं गाव सोडायचंच, हे ठरवलं कुणी? मला ते फार पटलं.

पण इंटरनेटची केबल खाडीच्या पलीकडेच थांबलेली. घरात माझा दिवा लाल, गच्चीवर नारिंगी. शेवटी तिनं मला पॉवर बँकेसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि बाबांच्या बोटीवर, झेंड्याच्या काठीला टांगलं. दिवा हिरवागार झाला. बोट घरामागे खाडीच्या चिखलात बसलेली, जागृती लॅपटॉप घेऊन पडवीत.

ते दिवस भांगाचे होते. भांगात भरतीला जोर नसतो, जाळी लागत नाहीत, बोटी काठाला पडून असतात. तिची आई जिवली बोंबील वाळत घालताना म्हणायची, “बोट नाय ती, तुजी कचेरी हाय.”

बाबांनी, पुंडलिकांनी, एकदा बजावलं होतं, “जागू, उधान लागलं का ही डबी उतरव हां.”

“हो बाबा,” ती म्हणाली. कानात हेडफोन होते.

लहानपणी तिला पाणी कधी चढतं ते न विचारता कळायचं. आता तिला गुरगावची आणि लंडनची वेळ कळते.

अमावास्येच्या सकाळी, ऐन उधाणाच्या भरतीला, मीटिंग होती. सगळ्यांनी गुरगावला यायचं, असं कंपनी म्हणत होती. ज्यांचं काम कधी अडत नाही, तेवढ्यांनाच सूट. साहेबीण समिधा. तिला जागृतीनं शब्द दिला होता, ‘माझं नेट कधी जात नाही.’ तो शब्द काठीला टांगलेला होता, म्हणजे माझ्या गळ्यात.

मीटिंग सुरू झाली आणि खालून पाणी शिरलं. बोट हलली, मी हलले. खलाशी धर्मेशनं दोर सोडला, बाबांनी इंजिन चालू केलं. मला ओरडायचं होतं. माझ्याकडे फक्त दिवा.

जागृतीचा पडदा गोठला. तिनं वर पाहिलं, तर कचेरी निघाली होती.

ती लॅपटॉप डोक्यावर धरून पाण्यात धावली. बाबांनी वेग कमी केला. बोट मागे फिरवली असती तर भरतीची वेळ टळली असती आणि जाळ्याचा दिवस वाया गेला असता. तिला ते आता आठवलं.

“फिरवू नका बाबा. मला वर घ्या.”

“ये मंग. पन थांबनार नाय हां.”

भिजलेल्या सलवारनिशी ती माझ्या खाली बसली आणि कॅमेरा चालू केला. मागे इंजिन धडधडत होतं. पुढे समुद्र, आणि माझी ताकद क्षणाक्षणाला उतरत होती.

“मॅडम, मी बोटीवर आहे. नेट जात नाही असं मी म्हणाले, ते खरं नव्हतं. काम मात्र कधी चुकवलेलं नाही. हे माझं गाव आहे आणि मला...”

दिवा लाल झाला.

तिनं लॅपटॉप मिटला. मग बाबांनी विचारलं, “काम ग्येलं तुजं?”

“माहीत नाही.”

“मंग ह्यो दोर धर.”

तिनं धरला. परतताना खाडीच्या तोंडाशी मी हिरवी झाले आणि समिधाचा निरोप आला: तीन महिने देते. तोवर पक्की लाइन घे, नाहीतर इकडे ये.

आता मी बोंबील वाळवायच्या उंच बांबूवर असते. कडांना खार चढलाय, बॅटरी फुगलीय, झाकण बसत नाही. जागृती केबलसाठी पालघरच्या कचेऱ्यांत जाते, ‘येईल, येईल’ ऐकून परतते. परतली की आधी माझा दिवा बघते. मी किती टिकेन, मलाच ठाऊक नाही. एवढीशी खाडी ओलांडायला केबलला इतका वेळ का लागावा?

त्या दिवशी समुद्रात, दोर ओढता ओढता, तिनं आपलं तुटलेलं वाक्य पुरं केलं होतं. “...आणि मला इथंच राहायचंय.” ऐकायला बाबा, धर्मेश आणि मी.

मला ते पुढे पाठवता आलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.