माय आहे रिळात

शेषराव सव्वानऊला स्टुडिओपाशी पोचले तेव्हा शटर अर्धंच वर होतं. अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरायचं शहात्तर हे वय नव्हे, आणि तालुका व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षाला ते शोभलंही नसतं. म्हणून ते बाहेर उभे राहिले. उभं राहवेना म्हणून मंगरूळपीरच्या बसस्टँडपर्यंत गेले, पेपर घेतला, न उघडताच काखेत मारला आणि परत आले. आठवड्यातली ही त्यांची सहावी खेप. पहिल्या खेपेला त्यांनी 'सहज आलो' म्हटलं होतं, दुसऱ्या खेपेला 'इकडूनच चाललो होतो'. तिसऱ्या खेपेपासून त्यांनी कारण देणं सोडलं, कारण स्टुडिओवाल्या नीलिमानं विचारणं सोडलं होतं.

आजची खेप मात्र वेगळी होती. दहाच्या बसनं आसेगावहून त्यांची धाकटी बहीण पंचफुला येणार होती, आणि तिला काय सांगायचं हे ठरवायला त्यांच्या हाती पाऊण तास होता. याआधी पन्नास वर्षं होती, ती पुरली नव्हती.

सगळी भानगड एका रिळाची. शेषराव मूळचे इंझोरीचे. एकविसाव्या वर्षी भिलाईला फिटर म्हणून लागले. तिथल्या एका रशियन इंजिनिअरचा ग्रामोफोन त्यांनी दोनदा दुरुस्त करून दिला, त्या उपकारापोटी साहेब मायदेशी जाताना आपला किल्लीवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा त्यांना देऊन गेला. आत रीळ होतं. ते एका बाजूनं चालवून झालंय, आता उलटं करून दुसऱ्या बाजूनं चालव, एवढं साहेबानं खाणाखुणा करून सांगितलं. शेषराव सुटीत इंझोरीला आले, गोधडी डोक्यावरून घेतली आणि तिच्या अंधारात रीळ उलटं केलं. मग त्यांना शंका आली. साहेबानंच आधी उलटं केलेलं असलं तर? माणूस पहिल्यापासून काळजीवाहू. गोधडीतच त्यांनी सगळं मागं गुंडाळलं आणि खात्रीसाठी होतं तसं बसवलं. मग अंगणात सुपानं तूर पाखडत बसलेल्या मायवर कॅमेरा धरला.

माय, म्हणजे रूपलाबाई, पुढच्या वर्षी काविळीनं गेली. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता, पहिलाही नव्हता. पंचफुला तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मायच्या हाताचा वास आठवायचा, चेहरा काही केल्या आठवायचा नाही. मुंबईहून रीळ धुऊन आलं ते शेषरावांनी भिलाईला एकदाच पाहिलं, आणि नंतर गावी येऊन डबा बापाच्या हाती दिला. म्हणाले, "माय आहे रिळात."

यात खोटं काही नव्हतं. माय होती. आणखी काय काय होतं ते कोणी विचारलं नाही, आणि ते पाहायचं यंत्र साऱ्या जिल्ह्यात कोणाकडे असेल असं शेषरावांना वाटलं नाही.

डबा पंचफुलाच्या लग्नात तिच्यासोबत आसेगावला गेला. तिनं तो जपला म्हणजे काय, तर दर उन्हाळ्यात गोधड्या, तुरीची डाळ आणि रीळ या तिन्ही गोष्टी खाटेवर उन्हात घातल्या. रीळ तर पूर्ण उलगडून. मायला वर्षभर डब्यात कोंडून ठेवायचं तिच्या जिवावर यायचं.

आता येत्या रविवारी मायचा पन्नासावा स्मृतिदिन. आसेगावच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. तेवढ्यात पंचफुलाच्या पोराला, धम्मपालला, कळलं की मंगरूळपीरची एक बाई जुन्या फिल्मचे व्हिडिओ करून देते. त्यानं डबा उचलला, नीलिमाकडे टाकला आणि सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं की रविवारी विहारात पडद्यावर आजी दिसणार. शेषरावांना हे ग्रुपवर समजलं. त्यांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहिली खेप केली.

पहिले दोन दिवस रिळानंच त्यांची बाजू घेतली. इतके उन्हाळे खाऊन ते आखडलं होतं, पापडासारखं वाकलं होतं, कडेची भोकं यंत्राच्या दातांवर बसेनात. पण नीलिमा चिवट निघाली. यंत्राचे दात काढून ठेवून ती एकेक चित्र हातानं सरकवायला लागली, सेकंदाला सोळा चित्रं या हिशेबानं. तिसऱ्या खेपेला तिनं शेषरावांना खुर्ची दिली.

"काका, याच्यात एकावर एक दोन सिनेमे आहेत. रीळ उलटं नसंल केलं तुमी."

"केलं होतं. दोन डाव केलं होतं."

"तेच तर झालं मंग."

पडद्यावर एक पांढराफटक हॉल होता. भिंती पांढऱ्या, टेबलं पांढरी, माणसं पांढरी. त्या पांढऱ्यात काळा कोट घातलेला एक तरणा माणूस उभा. आणि इंझोरीचं अंगण, सूप, तूर, बाईचे हात, हे सगळं फक्त त्या कोटात दिसत होतं. उजेडावर उजेड पडला तिथं सगळं जळून गेलं होतं. अंधार होता तेवढ्याच जागेत माय उमटली होती. माणसानं ग्लास तोंडाला लावायला हात वर केला. काळी बाही वर सरकली आणि तिच्यात रूपलाबाईचा चेहरा आला. चार सेकंद. हात खाली, चेहरा गेला.

"हा कोटवाला काढून टाक," शेषराव म्हणाले.

"कोण आहे हा?"

"असंल कोणी रशियन."

नीलिमानं पडद्याकडं पाहिलं, मग शेषरावांकडं. "रशियन तुमच्यावानीच दिसते, काका."

कोटवाला म्हणजे शेषरावच, साहेबाच्या निरोपाच्या पार्टीत साहेबानं टिपलेले. या माणसानं दोनशे गावांत भाषणं केली होती. सुरुवातीला ते 'मी दारू सोडली' असं सांगायचे, आणि तेच खरं होतं. माय गेल्यावर ते थेंबाला शिवले नव्हते. पण सोडली म्हणणारे वक्ते रांगेनं असतात, लोक जांभया देतात. एका गावी शेषराव ओघात म्हणून गेले, "मी आयुष्यात ग्लास हाती धरला नाही." टाळ्या पडल्या. मग ते वाक्य सुटेना, आणि पुढे त्याच वाक्यावर अध्यक्षपदही आलं. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला त्यांचा आवाज आपोआप चढायचा.

"पाणी म्हणून चालंल काय ते?" त्यांनी विचारलं.

"पाणी पिऊन कोणी असं तोंड करते काय?"

"मंग नुसता ग्लास काढ."

"काढता येते. पण ग्लास बरोबर तुमच्या मायच्या डोळ्यावर येऊन राह्यला. काढला तर कॉम्प्युटर तिथं डोळा भरंल. कोणाचा भरंल ते मी सांगू शकत नाई."

शेषराव उठले, बसले, पुन्हा उठले. दाराशी जाऊन त्यांनी पंचफुलाला फोन लावला आणि म्हणाले, "बाई, रीळ गेलं. उन्हानं गेलं म्हणते ते पोरगी."

 पलीकडून एवढंच आलं, "मी तर मायले ऊन लागावं म्हणून ठेवत होती."

शेषरावांना वाटलं होतं, आता झोप लागेल. ती लागली नाही. चौथी आणि पाचवी खेप त्यांनी नीलिमाला 'पुसू नको, राहू दे' एवढं सांगण्यासाठी केली आणि दोन्ही वेळा ते न सांगता परतले. काल धम्मपालचा फोन आला. "मामा, आई तीन दिवसांपासून नीट जेवून नाई राह्यली. म्हणते, माह्या हातानं माय जाळली मी. तुमी काही तरी समजवा तिले." समजवायचं काम शेषरावांच्या हातचं. दोनशे गावांना समजावलेला माणूस. ते फोनवर फक्त म्हणाले, "उद्या दहाच्या बसनं पाठव तिले. स्टुडिओत."

दहाची बस सव्वादहाला आली. पंचफुला उतरली. तिच्या हाताला पिशवी नव्हती. एरवी ती भावाकडं रिकाम्या हातानं यायची नाही, निदान वाटाणे, बोरं, काहीतरी असायचंच.

"जयभीम, भाऊ," ती म्हणाली. "कायले बोलावलं? राख पाहाले?"

"चाल," शेषराव म्हणाले. ठरवून ठेवलेली तीन वाक्यं होती, त्यांतलं एकही आलं नाही.

शटर आता पूर्ण वर होतं. नीलिमानं दोन खुर्च्या मांडल्या. शेषराव बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "लाव," ते म्हणाले. नीलिमानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. "पुसलेलं नाई बरं, काका." "लाव म्हणतो ना."

पांढरा हॉल आला. कोट आला. कोटात सूप वर-खाली व्हायला लागलं. पंचफुला पुढे सरकली. हात वर गेला, चेहरा आला, गेला.

"थांबव," पंचफुला म्हणाली. "मागं घे."

नीलिमानं मागं घेतलं. चेहरा आला तिथं चित्र थांबवलं. पंचफुला बराच वेळ पाहत राहिली. शेषराव खुर्ची सोडून दाराशी गेले, परत आले.

"एवढी बारकी होती काय माय?" ती म्हणाली. "हे तर आमच्या वैभवीपेक्षाही लहान दिसून राह्यली."

वैभवी म्हणजे तिची लेक. वैभवीला दोन पोरं होती.

"हाव. बारकीच होती."

"दात पुढं होते तिचे. कोणी सांगतलं नाई मले." तिनं नकळत स्वतःच्या ओठांना हात लावला. मग बोट जरा बाजूला नेलं. "अन् हा?"

"मी."

"ग्लासात काय आहे?"

"दारू."

"चांगली होती?"

शेषरावांना एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी विचार केला. "होती," ते म्हणाले.

नीलिमा उगाच एक वायर काढून पुन्हा बसवायला लागली.

"म्हणजे रीळ उन्हानं नाई गेलं," पंचफुला म्हणाली.

"आखडलं थोडं उन्हानं. पण गेलं नाई. मले हे लोकाइले दाखवायचं नव्हतं म्हणून..."

"दारूचं जाऊ द्या. तरणे होते, प्याले. पण उन्हाचं माह्यावर काहून टाकलं, भाऊ?"

शेषरावांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. समितीचं होतं, अध्यक्षपदाचं होतं, रविवारी येणाऱ्या भन्तेजींचं होतं. ते सगळं आपलंच निघालं. त्यात पंचफुलाचं काही नव्हतं. त्यांनी काखेतला पेपर दुसऱ्या काखेत घेतला.

"चुकलं," ते म्हणाले.

"चुकलंच." तिनं पदरानं चष्मा पुसला. "इतवारी हेच लावायचं. अन् तुमी पडद्याजवळ उभं राहून सांगायचं. हे माय, हा मी. नाईतर लोकाइले कोण कोणात आहे ते समजणार नाई."

"लोक हासतील, पंचफुले. समितीचे सगळे येऊन राह्यले."

"हासू द्या. मी तीन दिवस रडली ते कोणी पाह्यलं?"

 शेषराव खुर्चीवर बसले.  मनातल्या मनात ते रविवारचं पहिलं वाक्य जुळवून पाहत होते. 'बंधू आणि भगिनींनो' इथपर्यंत ते नीट येत होतं.

पंचफुला नीलिमाकडं वळली. "बाई, हे लय घाईनं जाते. चार सेकंदात काय पाहावं माणसानं? हळू करता येते काय?"

"येते ना मावशी. चाराचे सोळा करता येते."

शेषरावांनी हिशेब केला. सोळा सेकंद माय. म्हणजे सोळा सेकंद ग्लासही तोंडाला. विहारात, पडद्यावर, हातभर मोठा. दोनशे गावं सोळानं भागून पाहावी असा एक वेडा विचार त्यांच्या डोक्यातून गेला. पडद्यावर थांबलेली माय काळ्या बाहीतून कॅमेऱ्याकडं पाहत होती. पोरगं हे काय धरून उभं आहे हे न कळून थोडी हसत होती. पंचफुला तिच्याकडं मान वाकडी करून पाहत होती, आणि तिची मान अगदी तशीच वाकडी होती.

"सोळाच?" शेषराव म्हणाले. "आणखी हळू होत नाई काय?"

"होते," नीलिमा म्हणाली. "पण मंग हात झटके देत वर जाईल. ग्लास लय वेळ दिसंल, काका."

"दिसू दे," शेषराव म्हणाले, आणि उठून पुन्हा दारापर्यंत जाऊन आले.