शेवटची सतरंजी

"प्रमिलाले मांगे बसाड, मंजुळा. सहा महिना तिले प्रभुभोजन बंद," चर्चच्या पायरीवरच बन्सीलाल पंच म्हणाला, आणि मंजुळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सहा महिना? कसाले?"

"तूच तं सांगं व्हतं माले. कानबाईना रोट खादा तिनी. देव न्यायी शे, बाई."

"देवना न्याय की तुमना, नाना?"

बन्सीलाल पोळीचं ताट घेऊन आत निघून गेला.

मंजुळाबाई शिंदखेड्याच्या दवाखान्यात आया होती. वीस वर्षं रोग्यांची घाण काढताना तिने कधी नाक मुरडलं नाही, पण देवाच्या कोपाला ती थरथर कापायची. प्रभुभोजनाची बिनखमिराची पोळी दर महिन्याला तीच भाजायची आणि त्याआधी आठवडाभर स्वतःची पापं आठवत बसायची. अयोग्यपणे खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

शेजारची प्रमिला श्रावणात माहेरून आली ती हसत-रडतच. बाप्तिस्मा घेतल्यापासून बारा वर्षं तिच्या भावाने, उखर्डूने, तिचं तोंड पाहिलं नव्हतं. यंदा कानबाईच्या सणाला तो स्वतः बोलवायला आला. त्या देवीच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाहीत. ही तर दिल्या घरची लेक, त्यात धर्म सोडलेली. तरी उखर्डूने सगळ्यांदेखत तिच्यापुढे रोट ठेवला.

"नही खाती तं भाऊ कायमना तुटी जाता, मंजुळा," ती म्हणाली होती.

मंजुळाबाईला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. बहिणीसारखी बाई, तिच्यावर देवाचा कोप झाला तर? ती पंचाकडे गेली. नाना समजावतील, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, एवढीच तिची अक्कल. पंचांनी काय केलं? सोटा उचलला आणि घातला पाठीत! आणि हा बन्सीलाल कोण? भिंतीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाशी, चुडामणशी, दोन हात जागेपायी सात वर्षं अबोला धरून बसलेला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ कुणाला दिसतंय?

धुळ्याहून आलेले तरुण पाळक पोळी मोडून नेहमीसारखं म्हणाले, "कोणाच्या मनात भावाविषयी काही असेल, तर त्याने आधी समेट करावा." सगळ्यांनी नेहमीसारख्या माना खाली घातल्या. या वाक्याला आजवर कुणी जागेवरून हललं नव्हतं.

मंजुळाबाई उठली.

"साहेब, माझ्या मनात आहे. प्रमिलाची चहाडी मी केली. तिच्या भावाने बारा वर्षांनी समेट केला, त्याची तिला शिक्षा. आणि सात वर्षं भावाशी न बोलणारे नाना ताट घेऊन उभे! शिक्षा द्यायची तर आम्हाला द्या. मी तर देवाच्या भीतीनं बोलले हो, त्याची दया विसरूनच गेले."

"खाले बस!" बन्सीलाल ओरडला.

पाळकांनी बन्सीलालकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पंचांचा ठराव झालेला आहे, बाई," ते हळूच म्हणाले.

झाला असेल ठराव! मंजुळाबाई पहिल्या रांगेतून निघाली, सगळ्यांच्या मधून चालत मागे गेली आणि शेवटच्या सतरंजीवर प्रमिलाला खेटून बसली.

प्रमिलाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माले तुनी दया नको."

"दया नही. ही मनी सजा शे."

ताट रांगेरांगेने मागे येऊ लागलं. बन्सीलाल त्यांच्या अलीकडच्या रांगेपर्यंत आला आणि तिथूनच वळला. प्रमिलाचा उजवा हात बारा वर्षांच्या सवयीने पुढे झाला होता. ताट पुढे टेबलावर पोचलं, त्यावर पांढरं फडकं पडलं, सगळे गुडघे टेकून देवाचे उपकार मानू लागले, तरी तिचा तळवा तसाच उघडा होता.