फळीच्या आतल्या बाजूला

मी एक म्हातारी पाकोळी आहे. पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ, काडेपेटीत मावेल एवढे. मित्रांनो, नाव ऐकताच अंग चोरलेत ना? चोरा. पण आपल्यात जास्त भित्रे कोण, ते माझी हकिगत ऐकून मग ठरवा.

माझा जन्म याच घराच्या छपराखाली झाला. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये बोटभर फट आहे, तोच आमचा दरवाजा. आत राहणाऱ्या सगळ्या बायकाच: आया, मावश्या, बहिणी, भाच्या. पिल्ले जन्मली की आम्ही ती एकाच कोपऱ्यात अंगाला अंग लावून ठेवतो. अंधार पडू लागला की आया डास मारायला जातात आणि एखादी म्हातारी मागे थांबते. ही रीत आम्हाला कुणी बसवून शिकवली नाही. फार फार पूर्वी ज्या आया पिल्लाला एकटे ठेवत, त्यांची पिल्ले गारठून जात. जी एकमेकांच्या उबेला राहिली ती जगली, आणि त्यांची सवय पिढ्यान्‌पिढ्या उतरत आमच्यापर्यंत आली. आमची माया भीतीच्या पोटी जन्मली म्हणा ना!

तरुणपणी मी भलती चपळ होते. या घरातले सुतारकाका पायरीवर बसून कौतुक करत, "आल्या बघा आपल्या डास खाणाऱ्या!" पुढे घरात नातू आला आणि आमचे कौतुक संपले. आमची फडफड ऐकून सुनेला धडकी भरे.

"बाबा, बाळाच्या अंगावर एखादं पडलं म्हणजे? ती फट बुजवा ना!"

सुतारकाका काही निर्दयी नव्हते. आम्हाला कोंडून मारायचे नाही, म्हणून ते संध्याकाळी शिडी लावून थांबले. शेवटची पाकोळी बाहेर पडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि मगच फळी ठोकली. त्यांच्या लेखी छप्पर रिकामे होते. आत मी होते, आणि सगळ्यांची पिल्ले होती.

हातोड्याच्या प्रत्येक घावाला पिल्ले मला आणखी बिलगत गेली. मग उजेडाची शेवटची रेघही मिटली. मी ओरडले, पिल्ले ओरडली. पण आमचा आवाज इतका बारीक की माणसाच्या कानाला लागतच नाही. माझ्यापाशी ऊब होती, दूध नव्हते. पिल्ले माझ्या अंगावर तोंड फिरवून दूध शोधत राहिली आणि माझ्या काळजाचे पाणी पाणी झाले.

पहाटे आया परतल्या. त्यांची अंगे फळीवर आपटू लागली. उजाडत आले तरी एकही हटेना, आणि घुबडाचे आयतेच फावले. एक किंकाळी मी ओळखली. ती माझ्या भाचीची होती. तिचा आवाज पुन्हा आला नाही.

तेवढ्यात सून कामावरून आली. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करते आणि बाळाला थोरल्या जावेपाशी ठेवून जाते. फळीभोवतीचा गोंधळ बघून ती दारातच थबकली.

"बाबा, अहो बाबा! ह्या जात का नाहीत?"

"सवय गं त्यांची. जातील हळूहळू," सुतारकाका डोळे चोळत म्हणाले. "आत काही नाही. सगळ्या बाहेर पडल्या, मी स्वतः बघितलंय."

घरातून बाळाचे रडणे ऐकू आले, आणि जावेचे समजावणे, "आली हं आई, आली!" सून तशीच वर बघत उभी राहिली.

"बाबा, काल संध्याकाळी मीही बाहेर पडले. तुम्ही बघितलंत. म्हणून घर रिकामं झालं का?"

सुतारकाकांचे तोंड खर्रकन उतरले. "पोरं आहेत होय आत!" एवढेच बोलून ते शिडीवर चढले आणि त्यांनी फळी उचकटली.

आया आत घुसल्या. प्रत्येकीने वासावरून आपापले पिल्लू शोधून काढले. भाचीची लेक तेवढी माझ्या पंखाखाली उरली. तिला एखादी आई दोन घोट पाजते, एखादी ढकलून देते. त्यावर ती जगली, पण वाढीला मागे राहिली.

पिल्ले उडेपर्यंत फळी लावायची नाही, असे सुनेने बजावले होते. आता पिल्ले उडू लागली आहेत. आज खालून तिचा आवाज आला, "गेली बाबा सगळी, छान उडतात. उद्या लावून टाका फळी."

भाचीची लेक अजून उडत नाही. पंख पसरते, थरथरते आणि पुन्हा मला चिकटते. तिला सोडून मी जाणार कुठे? उद्या संध्याकाळी सगळ्या बाहेर पडतील, सुतारकाका शेवटची जाईपर्यंत वाट बघतील आणि हातोडा उचलतील. मी जिवाच्या आकांताने ओरडेन, पण त्यांना ते ऐकू येणार नाही.

मित्रांनो, तुमचा आवाज त्यांना ऐकू येतो. आत अजून दोघी आहेत, एवढे सांगाल ना त्यांना?