आरशासारखा सिलिंडर

माझ्या नवऱ्याचं, वेंडेलचं, हौसेनं केलेलं इंजिन मुठीत मावेल एवढं, आणि त्याची ऐट गॅरेजमध्ये न मावणारी. तीन वर्षं आमच्या छोटी इंजिनं करणाऱ्यांच्या क्लबच्या मेळाव्यात ते फुसफुसून गप्प बसलं. "यंदाही चाललं नाही तर लेथ विकतो," तो म्हणाला. नवरा मस्करी करत नव्हता. धातू कातायचा तो लेथ गेला असता तर हा माणूस खचला असता, हे मला दिसत होतं.

"पिस्टनच्या रिंगा मी करते," मी म्हणाले.

"आर्डिथ, कारखान्यात तू ट्रकच्या रिंगा केल्यास. ह्या नाण्याहून पातळ आहेत."

"म्हणूनच तुझ्या हातून तुटतात. सरक बाजूला!"

बीडाची नळी कातून मी सहा रिंगा उतरवल्या. रिंग करवतीनं कापायची नसते. पात्याच्या धारेवर धरून एकाच जागी टक्कन तोडायची. मग फटीत पट्टी अडकवून लाल होईतो तापवायची. थंड झाल्यावर ती फाकलेलीच राहते आणि त्या ताणानं सिलिंडरला आतून चिकटते. दोन माझ्याही हातून तुटल्या, खोटं कशाला बोलू? उरलेल्यांतली एक सिलिंडरमध्ये बसवून खालून बॅटरी लावली. कडेनं उजेड जराही येईना. रिंग चोख होती.

पण सिलिंडरच्या आत मला माझं नाक दिसत होतं.

"हा आरसा कुणी केला?"

"चार महिने पॉलिश केलंय!" तो छाती फुगवून म्हणाला.

"अरे शहाण्या, रिंग घासून बसणार कशावर? तेल थांबणार कुठे?"

मी खरखरीत कागद घेतला आणि आतून बारीक तिरप्या रेघा ओढल्या. वेंडेलला बघवेना, तो अंगणात निघून गेला.

शनिवारी मेळाव्यात इंजिन सुरू करायला त्यानं त्याचा पंखा हातानं फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिननं असा सूर धरला की शेजारच्या टेबलावरची माणसं कॉफी सोडून आली.

"वेंडेल, रिंगा कुणी केल्या रे?" क्लबच्या लोवेलनं विचारलं.

"हिनं," माझ्याकडे बोट दाखवत नवरा म्हणाला. "मी फक्त भोवतालचं इंजिन केलं."

एकोणतीस वर्षं कारखान्यात लाखो रिंगा माझ्या हातांखालून गेल्या. त्या कुणी केल्या, हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.