चढ चढणारा गोटा

"चढला! माय वं, गोटा चढला!"

वरूडजवळच्या आमच्या गावात पारासमोर सारा गाव लोटला होता. बगीच्यांतली संत्री गळत होती, आणि ती गाळणारी चेटकीण शोधायला एकेका बाईला बसवून गोटा सोडला जात होता; आधीच्या बायांकडे तो चढला नव्हता. जमिनीवर दोन बांबू, अलीकडची टोकं दोन विटांवर, पलीकडची तीन विटांवर. घागरीएवढा, शेंदूर फासलेला लाकडी गोटा चढावरून आपोआप गडगडत वर गेला आणि तिथे बसवलेल्या विधवा शकुनपाशी थांबला.

"देवी बोलली! संत्री हिनंच गाळली!" गोवर्धन महाराज किंचाळला.

शकुनचा दीर नत्थुजी याने निंबाचा ओला फोक हाणला. तिची भुवई फुटली. दुसऱ्याने केस धरून तिला फरफटवलं. मी शाळेतून धावत आले तेव्हा तिच्या तोंडात माती कोंबत होते.

"थांबा! मला बसवा तिच्या जागी."

"मॅडम, तुमी मंधात पडू नका. हे तुमच्या बुकात नाई," नत्थुजी गुरकावला.

माझ्या खांद्यावर ढेकूळ बसलं. तरी मी बसले. महाराज पूजेच्या निमित्ताने बांबूंकडे वाकला.

"बांबूंना हात नको, महाराज."

गोटा माझ्याकडे चढत आला.

"अवो, मॅडम बी?" एक बाई कुजबुजली.

"आता नत्थुजी बसतील," मी म्हणाले. तो मागे सरला.

"बस ना गा! भेऊन राह्यला काय?" गर्दीतून कोणी ओरडलं. तो बसला. गोटा त्याच्याकडेही चढला. त्याच्या हातातला फोक गळला.

मी गोट्यावरचा शेंदूर पुसला. दोन शंकू तळाला तळ जोडलेले. मध्ये पोट जाड, दोन्ही टोकं निमुळती. बांबू वरच्या बाजूला फाकवलेले. जसजसं अंतर वाढतं, तसतसा गोटा आपल्या बारीक भागावर टेकतो आणि त्याचं पोट बांबूंच्या मध्ये खाली उतरतं. काठीने गोट्याच्या निमुळत्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजली: वर पोचल्यावर दोन बोटं कमी. बांबू चढत होते, गोटा उतरत होता. मग बगीच्यातल्या पाइपाचा तुकडा बांबूंच्या मधोमध ठेवला. तो सगळीकडे सारखाच जाड, म्हणून सरळ खाली आला. आधीच्या बायांच्या वेळी महाराजाने बांबू समांतर ठेवले होते, हे आता लोकांना आठवलं. तेव्हा गोटाही खालीच राहिला होता.

"लबाडा!" म्हणत लोक महाराजावर तुटून पडले. त्याचं नाक फुटलं.

"मारू नका त्याले," शकुन मातीतून बोलली. "मघा असेच मले मारत होते. पोलिसाले बोलवा. अन् मले दवाखान्यात न्या."

तिला उचलायला आधी कोणीच पुढे आलं नाही. मग ती मघा कुजबुजणारी बाई आली.

संत्र्याची गळ रोगाने होते, किडीने होते, पाणी चुकल्याने होते; कृषी सहायकाला विचारा. बाईला चेटकीण ठरवणं हा गुन्हा आहे. आणि कोणी चमत्कार दाखवलाच, तर हात उगारण्याआधी ती वस्तू हातात घ्या, मोजा, माणूस बदलून पाहा. त्याला जितका वेळ लागतो, तेवढ्यात इथे एका बाईचा जीव जात होता.