पेमाच्या मनगटावरची तीन अक्षरं

पेमानं डोक्यावरची मोळी गोजरच्या दारात टाकली अन् डाव्या हाताला गुंडाळलेलं फडकं सोडलं. मनगट सुजून टम्म झालं होतं. सुजेवर हिरवीकाळी तीन अक्षरं.

"गोंदणारीन आली हाय बाजारात, लिंबाखाली. रडले न्हाई मी! वाच बरं, बराबर हाय का?"

गोजरनं वाचलं. गो. ज. र. हातातला तांब्या तिनं हळूच खाली ठेवला.

"कुटून घेतलीस ही अक्षरं?"

"काहून? तुझ्याच कागदावरून! कागद दावलास त्या दिशी, तू पाणी आणाया आत गेलीस, तवा कोळशानं फडक्यावर उतरून घेतली. तूच म्हनलीस ना, फुलाखाली 'पेमा' लिवलंय म्हणून?"

म्हणाली होती खरी.

फूल पेमाचंच. तांड्यामागच्या टेकडीच्या उत्तर अंगाला, जिथं कुसळसुद्धा धरत नाही अशा काळ्या खडकाच्या भेगेत ते बोटभर पिवळं फूल ताठ उभं असायचं. पोटानं सरपटत जाऊन पेमानं ते आणलं, गुडघे सोलून घेतले, अन् गोजरच्या ओंजळीत टाकलं. शाळेत बाईंनी विचारलं, "कुणाला सापडलं गं?" तर गोजरचं तोंड आपसूक उघडलं. "मला!"

"दगडफूल म्हणावं तर ते मसाल्यात पडतं," बाई हसल्या. "तुझंच नाव देऊ याला."

कागदावर वाळलेलं फूल, खाली टपोऱ्या अक्षरांत 'गोजर'. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिची पाठ थोपटली. ती थाप पाठीवरून अजून उतरली नव्हती.

"बोल की गं! उलटं निघालं का काय?" पेमाचा चेहरा उतरायला लागला. "आता पुसत न्हाई हे. मेल्यावर गोंदणच तेवढं संगं येतं, याडी म्हनती माझी, तिलाबी तिच्या मायनं सांगितलेलं."

पेमा फुंकर घालत होती मनगटावर, तान्ह्या लेकराला घालावी तशी.

"बराबर हाय," गोजर म्हणाली. मग पायरी उतरत, "चल. मलाबी गोंदायचंय."

"माय हाणल ना तुझी!"

"हाणू दे."

लिंबाखाली गोंदणारणीनं सुया काजळात बुडवल्या.

"काय काढू लेकी? तुळस? का विंचू?"

गोजरनं धुळीत बोटानं लिहिलं, पेमा. काना-मात्रा नीट वाटेना म्हणून पुसलं, पुन्हा सावकाश लिहिलं. अन् हात पुढं केला.

पेमा शेजारी उकिडवी बसून धुळीतली अक्षरं मोजत होती.

"माझ्यात तीन, अन् तुझ्यात दोनच?" ती खुदकन हसली. "एवढी शाळा शिकून एवढंसंच नाव व्हय तुझं?"

सुई टोचली. गोजरनं हात मागं घेतला नाही.

"व्हय," ती म्हणाली. "एवढंसंच."