चिमणीवर भाजलेला पापड

एकाहत्तरच्या लढाईत जबलपुरात मी ज्या कारखान्याच्या भट्टीवर होतो, त्याचं नाव विचारू नका. तेव्हा ते बायकोलाही सांगायची बंदी होती. चिमणीचा धूर मात्र कुठे लपतो? जवळच्या पाटण गावचे शेतकरी ढग समजून वाळत घातलेलं धान्य गोळा करायचे, आणि कावळे भरदुपारीच घरट्यात शिरून घोरायचे.

"श्रीपादराव," आमच्या भट्टीमिस्त्रीला साहेब नीलकंठराव म्हणाले, "शत्रूच्या विमानाला काळा झेंडा दाखवून राहिले काय? उद्या दुपारी येतो. धूर दिसला तर भट्टी दुसऱ्याकडे, अन् तुम्ही गोदामात पिंपं मोजायला!"

श्रीपादरावांचा चेहराच उतरला. हा माणूस बायकोआधी भट्टीची खुशाली विचारणारा.

सकाळीच कामाला लागलो. थंडीनं भट्टीत जाळायचं तेल इतकं घट्ट, की पोळीला लावून खावं. श्रीपादरावांनी ते वाफेच्या नळीनं तापवून पातळ केलं, तेल उडवणाऱ्या फवाऱ्याचं तोंड घासलं आणि पंखा सुरू करून उभे राहिले. मी मशाल पुढे केली.

"घाई काहून करून राहिला, भैया? आत कालच्या तेलाची वाफ असली न, तर आपण दोघं उडत, बिनतिकीट पार शहपुऱ्याला पोचू!"

भट्टी हवेनं धुऊन निघाली, मगच मशाल लागली. तेल धुक्यासारखं उडालं, ज्वाला पिवळीधमक झाली. चिमणीतून धुराची रेघसुद्धा नाही.

साहेब आले, वर बघितलं आणि भडकले. आमच्याकडे रीतच होती ना, धूर म्हणजे काम चालू!

"भट्टी बंद ठेवून धूर घालवला? हे तर माझी आजीही करेल!"

"चालू आहे जी. झरोक्यातून बघा."

"मला बघून आत्ता पेटवली असेल!"

बायकोनं, म्हणजे सरोजिनीवहिनींनी, डब्यात दिलेला उडदाचा कच्चा पापड श्रीपादरावांनी जाळीत घालून माझ्या हाती दिला. मी माकडासारखा चिमणीवर चढलो, तिच्या तोंडावर जाळी धरली आणि खाली उतरलो. पापड फुललेला, पांढराशुभ्र, काजळीचा ठिपका नाही. आत्ता पेटवलेल्या भट्टीची चिमणी इतकी कुठली तापायला!

साहेबांनी हुंगला. मोडला. कुर्रर्र! तो आवाज शहराच्या टोकाला रिछाईपर्यंत गेला म्हणतात.

"तेलाचा वास नाही," साहेब म्हणाले. मग चावता चावता थांबले. "अरे, पण चिमणीवर पापड भाजतो म्हणजे उष्णता वरच चालली! लढाईत तेल आभाळाला खाऊ घालता? जादा हवाच ती वर नेते, हवा कमी करा."

बरोबर होतं त्यांचं. हवा कमी केली, पापड अर्धाकच्चा आला. आणखी कमी केली, तर धूर डोकावला. जराशी परत वाढवली. धूर गेला, पापड कच्चाच राहिला.

"बस्स! धूर नाही अन् पापड कच्चा, हीच खूण," साहेब म्हणाले. "श्रीपादराव, भट्टी तुमचीच. रोज पापड वर पाठवत जा."

सरोजिनीवहिनी कडाडल्या, "चिमणीला काय जावई केलं?" पण लाटायला बसल्या. रोज एक चिमणीसाठी आणि चार साहेबांसाठी. कारण चिमणीवरचा कच्चाच राहायला हवा होता, आणि साहेबांना कच्चा चालत नव्हता.